सोलापूरचा उन्हाळा आणि १७५ वॉटचं ग्राफिक्स कार्ड

ऑर्डर देऊन बांधून घेतलेल्या एका गेमिंग लॅपटॉपमधले भाग: कोअर आय९-१४९००एचएक्स प्रोसेसर, १६ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबीच्या दोन रॅम, दोन टीबीच्या दोन एसएसडी, १७ इंची २५६० बाय १६०० ची २४० हर्ट्झ स्क्रीन, ९९ वॉट-तासांची बॅटरी आणि ३३० वॉटचा अ‍ॅडॉप्टर. यादी वाचून छाती दडपते खरी, पण यातला एकही भाग दुर्मीळ नाही. हाच प्रोसेसर आणि हीच चिप मोठ्या कंपन्यांच्या तयार गेमिंग लॅपटॉपमध्येही बसते. ऑर्डरप्रमाणे बांधून घेतलेल्या लॅपटॉपला जास्तीचे पैसे मोजायचे ते तीन गोष्टींसाठी: चिपला खरोखर किती वॉट मिळतात, ती उष्णता बाहेर कशी जाते, आणि मागचं झाकण उघडून मालकाला आत हात घालता येतो का. सोलापुरात मधली गोष्ट उरलेल्या दोन्हींचा हिशोब बिघडवते, म्हणून इथे तिच्यावरच जास्त वेळ जाणार आहे.

आधी ‘कस्टम’ या शब्दाची हवा थोडी काढू. असा लॅपटॉप कुणी शून्यापासून घडवत नाही. तैवानची क्लेव्हो किंवा चीनची टोंगफांग-युनिविल यांच्यासारखे कारखाने मोकळी चौकट बनवतात: बॉडी, मदरबोर्ड, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), पंखे, कीबोर्ड. जर्मनीत शेंकर ती एक्सएमजी नावाने विकते, अमेरिकेत सेजर विकते, ब्रिटनमध्ये पीसीस्पेशालिस्ट. आपल्याकडचे छोटे बिल्डरही याच वाटेने जातात. एकाच चौकटीवर चार देशांत चार शिक्के बसतात, म्हणून इथे विकणाऱ्याचं नाव घालण्यात अर्थ नाही. २०२० च्या क्लेव्हो एक्स१७०एसएम-जी मध्ये डेस्कटॉपचा आय९-१०९००के सॉकेटात बसायचा आणि ग्राफिक्स कार्ड एमएक्सएम स्लॉटमधून काढता यायचं. ते दिवस गेले. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही बोर्डवर पक्क्या झाळलेल्या असतात. तुमच्या हातात राहतं ते रॅम, एसएसडी, वाय-फाय कार्ड, चिपवरचा लेप, कीबोर्डची मांडणी आणि झाकणावरचं नाव.

नावाचा दुसरा घोटाळा ग्राफिक्स कार्डाचा. लॅपटॉपचं ४०९० आणि डेस्कटॉपचं ४०९० ही एक वस्तू नाही. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॉट. लॅपटॉपच्या चिपमध्ये ९,७२८ कोअर, १६ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ वॉट. कोअरची संख्या डेस्कटॉपच्या ४०८० इतकीच आहे. १७५ हा आकडाही सरळ नाही: १५० वॉट मूळचे, वरचे २५ ‘डायनॅमिक बूस्ट’चे, म्हणजे प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा त्याच्या वाट्यातून उसने. खाली ही चिप ८० वॉटवरही विकता येते आणि खोक्यावर नाव तेच राहतं. ऑर्डर देण्याआधी ‘टीजीपी किती’, म्हणजे ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वॉट मिळतात, हे लेखी विचारावं, आणि लॅपटॉप आल्यावर एनव्हिडिया-एसएमआय किंवा एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा पडताळावा. २०२५ मध्ये आलेल्या ५०९० लॅपटॉप चिपला २४ जीबी मेमरी मिळाली, कोअर १०,४९६ झाले, पण वॉटची कमाल १७५ वरच राहिली. उष्णतेबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते तिलाही तसंच लागू.

आता मुद्द्यावर येऊ. हीटसिंकचं गणित शाळकरी आहे. तेवढेच वॉट, तेवढाच पंखा असेल तर चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री खोली २५-२७ अंशांवर असते. तेव्हा पूर्ण १७५ वॉटवर ग्राफिक्स चिप ७४-७५ वर रेंगाळते, हाताशी बरीच मोकळीक राहते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सातलाही ४० च्या आसपास. तोच फरक त्यात मिळवला की चिप ८७ वर जाऊन टेकते, आणि या वर्गातल्या चिपा साधारण तिथेच स्वतःला आवरतात. चिपचा वेग (क्लॉक) खाली येतो, वॉट कमी होतात. प्रोसेसरची हद्द १०० अंशांची, पण तो क्षणात उडी मारतो. मोठा गेम लोड होताना किंवा शेडर (गेमची चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना १०० चा आकडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. सलग अर्धा तास तिथेच चिकटून राहिला तर मात्र काहीतरी बिघडलेलं आहे.

म्हणजे पुण्या-बेंगळुरूच्या एसी खोलीत घेतलेले आकडे वाचून सोलापुरात लॅपटॉप निवडला तर वर्षातले तीन महिने ते आकडे दिसणार नाहीत. यावर लोक करतात ती पहिली चूक म्हणजे पंखे शंभर टक्क्यांवर ठोकून ठेवणं. आवाज वाढतो, तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, बेअरिंग लवकर झिजतात. (आवाजाची तक्रार उन्हाळ्यात तशीही कुणी करत नाही. खिडकीतला कूलर सुरू असेल तर लॅपटॉपचे पंखे ऐकूच येत नाहीत.) खरा उपाय वॉट कमी करणं हाच. या चिपची गंमत अशी की १३० वॉटच्या वर प्रत्येक वॉटमागे मिळणारा वेग झपाट्याने घटत जातो. शेवटचे चाळीस-पंचेचाळीस वॉट खूप उष्णता देतात आणि फ्रेम अगदी थोड्या.

म्हणून उन्हाळ्यासाठी वेगळं प्रोफाइल करून ठेवावं. एमएसआय आफ्टरबर्नर हा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघडून व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचा आलेख आणायचा, ०.८५० व्होल्टच्या बिंदूला २१०० मेगाहर्ट्झच्या आसपास धरायचं, आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू सपाट करायचे. अर्धा तास जड गेम चालवून बघायचा. ड्रायव्हर कोसळला किंवा स्क्रीनवर रंगीत ठिपके आले तर ३० मेगाहर्ट्झने खाली यायचं. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) किंवा थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये कोअर व्होल्टेज उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू करून दहा-दहाने खाली जायचं. बायोसमध्ये अंडरव्होल्टिंग, म्हणजे असं व्होल्टेज उतरवणं, बंद असेल तर थ्रॉटलस्टॉपमधले आकडे बदललेले दिसतात पण लागू होत नाहीत. ते उघडता येतं का, हा प्रश्नही ऑर्डरच्या आधीच विचारण्याचा. या लॅपटॉपमध्ये ते उघडं आहे, आणि बांधून घेतलेल्या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो. १४९००एचएक्स १५७ वॉटपर्यंत उसळी मारू शकतो. गेम खेळताना त्याला ५५-६५ वॉटवर बांधून ठेवलं तर फ्रेममध्ये क्वचितच फरक पडतो आणि दोन्ही चिपांची उष्णता वाहणाऱ्या सामायिक हीटपाइपवरची गर्दी हटते.

लॅपटॉप मागून तीन-चार सेंटीमीटर उचलला की खालच्या जाळीतून हवा मोकळी येते. साधा लोखंडी स्टँड पुरतो. निळ्या दिव्यांचे कूलिंग पॅड बहुतेक शोभेचे. ज्यांना कडेने स्पंजची चौकट असते आणि जोराचा पंखा असतो ते काम करतात, पण गिरणीसारखे घरघरतात. गादीवर आणि चादरीवर ठेवू नका हे कुठेही सांगतात. सोलापुरात जास्त जोर देऊन सांगायला हवं, कारण जेकार्ड चादर आणि टर्किश टॉवेल नवे असताना धाग्यांची बारीक लव सोडतात. ती लव पंख्यात ओढली जाते.

आणि फक्त चादरीतून नाही. पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास जिथे यंत्रमाग चालतात तिथे हवेतच कापसाचे तंतू असतात. साधी धूळ फिनच्या (हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांच्या) फटींतून काही प्रमाणात निघून जाते. तंतू निघत नाहीत. ते पंख्याच्या तोंडाशी आडवे अडकतात, त्यात धूळ बसते, आणि दोन-तीन महिन्यांत पंखा आणि फिन यांच्यामध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा पापुद्रा तयार होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पंखे जोरात फिरतात, तरी मागून गरम हवेचा झोत मंद झालेला असतो. ओळखायची खूण हीच: आवाज वाढला, झोत कमी झाला. यंत्रमागांच्या भागात राहणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी, जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे चार महिन्यांनी झाकण उघडावं.

उघडण्याची पद्धत साधी आहे, पण क्रम चुकवू नये. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, स्लीपवर नाही. अ‍ॅडॉप्टर काढायचा. खालचे स्क्रू सोडवून ते ज्या जागी होते त्याच आकृतीत कागदावर मांडायचे, कारण पुढचे आणि मागचे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळहात टेकायच्या भागातून वर टेंगूळ येतं. झाकण मागच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकच्या पट्टीने उचकायचं. लगेच बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच पुढे. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि हाताच्या रबरी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने पापुद्रा मोकळा करून चिमट्याने उचलायचा. पातं मोकळं सोडून हवा मारली तर पंखा जनरेटरसारखा फिरतो आणि उलटा व्होल्टेज बोर्डकडे जातो. पंक्चरच्या दुकानातली हवा मारून घेणं हा इथला लाडका उपाय, तो मात्र नको. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि कॉम्प्रेसरचं तेलही. झोताबरोबर दोन्ही आत जातात, आणि तेलावर पुढची लव दुप्पट चिकटते.

कूलरबद्दल लोक घाबरतात ते चुकीच्या गोष्टीला. दमट हवेने लॅपटॉपच्या आत दव धरत नाही, कारण आतले भाग खोलीपेक्षा गरम असतात. खरा त्रास आहे तो तुषारांचा. बोअरचं क्षाराचं पाणी भरलेला कूलर वुडवूलच्या पडद्यातून बारीक थेंब फेकतो. थेंब सुकला की मागे पांढरा क्षार राहतो, तो फिनवर आणि पोर्टमध्ये दिसू लागतो. कूलर खोलीत जरूर चालवा. कोरड्या एप्रिलमध्ये तो खोली ३०-३२ पर्यंत आणतो आणि चिपचं तापमानही तेवढंच उतरवतो. पण टेबल झोताच्या समोर ठेवू नका, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल कोंडून कूलरचा गारवाच संपतो. जूनमध्ये ढग आले की कूलरचा उपयोग घटतो. तेव्हा उन्हाळ्याचं प्रोफाइल लगेच बंद करू नये.

खोलीचाही हिशोब करावा. गेम चालू असताना भिंतीतून साधारण २८० वॉट ओढले जातात आणि ते सगळे शेवटी उष्णताच होतात. दहा बाय दहाच्या बंद खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं. रोज चार तास धरले तर महिन्याला ३३-३४ युनिट. घरचा वापर १०० युनिटच्या टप्प्याच्या काठावर असेल तर बिल नुसतं युनिटच्या संख्येने वाढत नाही, दरही वरच्या टप्प्याचा लागतो.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टवर आता थोडं सविस्तर, कारण ऑर्डर देताना हा पर्याय विचारला जातो आणि बरेच जण सगळ्यात महाग तो निवडतात. लिक्विड मेटल म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू. उष्णता उत्तम वाहतो, पण विजेलाही वाहून नेतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. बॅगेत उभा ठेवून रोज नेला जाणारा लॅपटॉप असेल तर तो लेप खाली सरकण्याचा धोका राहतो, म्हणून फक्त टेबलावर राहणाऱ्या यंत्रासाठीच तो घ्यावा. साधी पातळ पेस्ट दुसऱ्या टोकाला. उघड्या चिपवर रोज ४० वरून ९० अंशांवर आणि परत असा प्रवास झाला की ती काही महिन्यांत कडांकडे ढकलली जाते. खूण: ग्राफिक्स चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू) यांतला फरक १२-१५ वरून २०-२५ वर जातो.

मधला आणि इथल्यासाठी योग्य पर्याय म्हणजे हनीवेलचा पीटीएम७९५०, फेज बदलणारा पातळ पत्रा. साधारण ४५ अंशांना तो मऊ होतो, चिप आणि तांब्याच्या मधल्या फटी भरतो, आणि पेस्टसारखा बाहेर ढकलला जात नाही. पण हा ४५ चा आकडा सोलापूरकराने नीट वाचावा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पाकीट सहज तेवढं तापतं, आणि ४० अंशांच्या खोलीत पत्रा हातात घेतला की फिल्म सोलताना च्युइंगमसारखा ताणला जाऊन फाटतो. पाकीट आल्यावर सपाट ठेवून फ्रिजमध्ये टाकावं, फ्रीझरमध्ये नको. लावायच्या वेळी चिप आणि तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. पत्रा दोन्ही फिल्मसकट चिपपेक्षा मिलिमीटरभर मोठा कापायचा, एक बाजू सोलून चिपवर ठेवायचा, बोटाने दाबायचा. दुसरी फिल्म निघत नसेल तर बर्फाच्या पिशवीला कोरडं फडकं गुंडाळून ते क्षणभर टेकवायचं. हीटसिंक बसवून स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने, प्रत्येक वेळी अर्धा फेरा, असे आवळायचे. पहिल्या दिवसाचे आकडे निराश करतील. पाच-सहा वेळा तापून थंड झाल्यावर पत्रा बसतो आणि तापमान उतरतं. एकदा उचललेला पत्रा परत वापरायचा नाही. बाजारात नकली पत्रे भरपूर आहेत, स्वस्तात मिळाला तर संशय घ्यावा.

या वर्गातल्या काही चौकटींना बाहेरून पाण्याची टाकी जोडता येते. एक्सएमजीने २०२२ मध्ये ओअॅसिस नावाने ती आणली: मागे दोन नळ्या, बाहेर पंप आणि रेडिएटर. उपयोग खरा आहे, पंख्यांचा आवाजही एकदम खाली येतो. तरी रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी भरू नये, डिस्टिल्ड वॉटरच हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी ज्या दुकानात मिळतं तिथे ते मिळतं, कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलंय ना एवढं पाहावं. पण बाहेरगावी निघताना दरवेळी पाणी काढा, नळ्या सोडा, परत भरा, हे महिनाभरात कंटाळवाणं होतं. त्या पैशात भर घालून खोलीला एक टनाचा एसी बसवणं जास्त शहाणपणाचं. माणसंही गार होतात.

विजेची बाजू. अ‍ॅडॉप्टर म्हणजे सव्वा किलोच्या आसपासची वीट, तीन पिनांची. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, कारण पूर्ण भारावरही ओढ दोन अँपिअरच्या आत असते. अडचण तिसऱ्या पिनेची आहे. जुन्या पेठांतल्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला भोकं तीन असतात, पण मागे तारा दोनच, अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून हात फिरवला की मुंग्या येतात, टेस्टरही पेटतो. लोक लॅपटॉप सदोष समजून परत पाठवायला निघतात. अ‍ॅडॉप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून जायला बघतो. हेडफोनमध्ये ऐकू येणारी घूं आणि टचपॅडचा उडणारा बाण यांचंही मूळ बहुतेकदा हेच. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं, कोरड्या जमिनीत त्याचा रोध वाढतो. तिसरी पिन मोडून टाकणं हा उपाय नव्हे.

वीज गेली तर लॅपटॉप बंद पडत नाही, पण गेम जवळपास बंद पडल्यासारखाच. बॅटरी एवढे वॉट देऊ शकत नाही, ग्राफिक्स चिप एकदम खाली येते, १२० फ्रेमचा गेम ४०-५० वर. ९९ वॉट-तास तासाभरात संपतात. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एवढा अ‍ॅडॉप्टर गुणगुणतो, तापतो, कधी चालूच होत नाही. १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. त्यात घरातले पंखे, दिवे आणि हा लॅपटॉप पूर्ण भारावर लावला तर घरच्यांची बोलणी ऐकावी लागतात. ६० फ्रेमचं बंधन आणि ८० वॉट असं एक प्रोफाइल बॅटरी-इन्व्हर्टरसाठी ठेवलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. लॅपटॉपला वेगळा यूपीएस लागत नाही, राउटरला छोटा घ्या.

बॅटरीला ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय लॅपटॉपबरोबर येणाऱ्या कंट्रोल सेंटर या प्रोग्रॅममध्ये आहे. ती पहिल्या दिवशीच लावावी, कारण लिथियम बॅटरीला १०० टक्के चार्ज आणि ४० अंश उष्णता हे दोन्ही एकत्र सोसत नाही. ९९ वॉट-तास हा आकडा विमानातल्या १०० च्या मर्यादेखाली बसावा म्हणून ठेवलेला आहे. लॅपटॉप हातातल्या बॅगेत न्यायचा. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटला ३३० वॉटची वीट लावू नये. यूएसबी-सी मधून १०० वॉटचा छोटा चार्जर चालतो आणि पुण्यापर्यंतच्या प्रवासात कामापुरता पुरतो.

स्क्रीन चांगली आहे, आयपीएस प्रकारची आहे, काळोख्या खोलीत कोपरे थोडे उजळ दिसतात. येताक्षणी पूर्ण काळं चित्र लावून ते तपासावं आणि फोटो ठेवावा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना किंवा संगणकावर जेकार्डची डिझाइन काढणाऱ्यांना रंग नीट हवे असतील तर कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाने मोजून रंग जुळवणं, करूनच घ्यावं लागेल. १६ जीबी ग्राफिक्स मेमरी आणि एव्ही१ एन्कोडर (व्हिडिओ लहान फाइलमध्ये बसवणारा चिपमधला भाग) यांचा फायदा या मंडळींना गेम खेळणाऱ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणूनच १२ जीबीच्या ४०८० वर पैसे वाचवावेत का, याचं उत्तर कामावर ठरतं. फक्त गेम, तेही एसीशिवाय, तर ४०८० घ्या. स्पीकर यथातथा. वेबकॅम असून नसल्यासारखा. कीबोर्ड परदेशी बिल्डरकडून मागवताना अमेरिकी मांडणी निवडा, युरोपीय मांडणीत डावी शिफ्ट अर्धी असते. विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया मांडणी लावली की उजवी ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह उमटतं.

लॅपटॉप आल्यावर खोकं उघडण्याचा सलग व्हिडिओ घ्यावा. पहिल्यांदा चालू केल्यावर चार-पाच मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. डीडीआर५ रॅमची जुळवाजुळव चालू असते, मधेच बंद करू नये. पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर प्रवासात रॅम सैल झालेली असू शकते, काढून परत बसवावी. मग सीपीयू-झेडमध्ये दोन चॅनेल आणि ५६०० चा वेग दिसतो का ते पाहावं, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही एसएसडी पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या चार लेनवर (म्हणजे पूर्ण वेगाच्या जोडणीवर) आहेत का ते पाहावं. अर्धा तास प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींवर भार टाकून एचडब्ल्यूइन्फोत मोठ्या आठ कोअरचं तापमान वाचावं. त्यांच्यात १५ अंशांहून जास्त तफावत असेल तर हीटसिंक तिरका बसला असण्याची शक्यता आहे. त्या भारावर बॅटरी चार्जरला लावलेली असूनही एक-दोन टक्के उतरली तर तो दोष नाही. ग्राफिक्सचे मूळचे १५० आणि प्रोसेसरचे १५७ मिळूनच ३०७ होतात, त्यात स्क्रीन, पंखे आणि बाकीचे भाग धरले की अ‍ॅडॉप्टर कमी पडू शकतो, उरलेलं बॅटरीतून येतं.

नवी पेठेतल्या दुकानांत असा लॅपटॉप मांडून ठेवलेला मिळणार नाही. रॅम, एसएसडी, साफसफाई इथे होते. बोर्डचं काम निघालं तर तो पुण्याला किंवा बिल्डरच्या गावी कुरिअरनेच जातो, म्हणून मूळ खोकं आणि फोम माळ्यावर जपून ठेवावा. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, याचं उत्तर ईमेलवर घ्यावं, फोनवरचं चालत नाही. बायोस अपडेट फक्त ज्याच्याकडून घेतला त्याचाच टाकावा. तीच चौकट दुसऱ्या शिक्क्याने विकली जाते म्हणून तिकडचा बायोस टाकणाऱ्यांचे बोर्ड बंद पडतात. परदेशातून येणाऱ्या अठरा वर्षांवरील नातेवाइकाला सामानातून एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो, पण मग वॉरंटीचा पत्ता परदेशातलाच राहतो हे धरून चालावं.

आणि लॅपटॉपबरोबरच पंख्यांची एक जोडी मागवून ठेवावी. व्होल्टेज, वॉट आणि पिन जुळली तर अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या कंपनीचा चालून जातो, रॅम-एसएसडी कुठेही मिळते. हे पंखे मात्र फक्त याच चौकटीचे असतात, चौकट बंद झाली की दोन-तीन वर्षांत बाजारातून गायब होतात, आणि यंत्रमागांच्या भागातल्या लवेत सगळ्यात आधी बेअरिंग त्यांचंच जातं.